फाल्गुन-चैत्राचा बाजार: आधी पाला, मग शेंगा, आंबट शेवटी

फाल्गुन लागला की बेळगावच्या बाजारात दोन ऋतू शेजारी शेजारी बसलेले दिसतात. एका पाटीत थंडीचा शेवटचा चाकवत, मेथी, आंबट चुका आणि वाटाणा, तर दुसऱ्या पाटीत खानापूरकडच्या कैऱ्या आणि कोवळे फणस. ही भेट फार दिवस टिकत नाही. पाडवा उलटला की मेथी फुलावर येते आणि चाकवताचे देठ दोरीसारखे होतात. म्हणून या पाच-सहा आठवड्यांत काय शिजवायचं हे आवडीपेक्षा भाजीच्या आयुष्यावर ठरवावं. जी भाजी आधी मान टाकते, ती आधी चुलीवर.

चार माणसांच्या घराला आठवड्यासाठी पालेभाजीच्या तीन पेंढ्या, अर्धा-अर्धा किलो दोन फळभाज्या, अर्धा किलो वाटाण्याच्या शेंगा, किलोभर गाजर-नवलकोल-रताळी आणि दोन कैऱ्या पुरतात. बाजाराच्याच संध्याकाळी चाकवत, चुका किंवा शेपू संपवावा. दुसऱ्या दिवशी मेथी आणि कांद्याची पात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गवार, भेंडी, दोडका, वरण्याच्या शेंगा. शेवटचे दोन दिवस नवलकोल, कोबी, रताळी यांच्यावर काढावेत. कैरी आठवडा सहज काढते, तिची घाई नको. वाटाण्याची मात्र करावी. तोडल्यापासून त्याच्यातली साखर पिठूळ होत जाते आणि तीन दिवसांनी तोच दाणा बेचव लागतो. लगेच वापरायचा नसेल तर सोलून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकावा, गार पाण्यात काढावा आणि निथळून फ्रिजमध्ये ठेवावा. अर्धा किलो शेंगांतून साधारण पाव किलो दाणा निघतो, त्या हिशेबाने घ्या.

पालेभाजी सकाळी नऊच्या आत घ्यावी. उन्हं वर आली की पाल्यावर सारखं पाणी मारलं जातं. वरून तो टवटवीत दिसतो, पण पेंढीच्या पोटात कुजायला लागलेला असतो. दोरी सैल करून मधली चार पानं बाहेर काढा आणि वास घ्या. आंबूस वास आला किंवा पान बोटाला चिकटलं, तर ती पेंढी सोडून द्या. चाकवताच्या पानाखाली पांढरी भुकटी दिसते, ती औषधाची फवारणी नव्हे, त्या पानाचा गुणच तसा असतो. धुताना मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला बुडवावा आणि हाताने वर उचलून घ्यावा, असं तीनदा. पाणी ओतून पाला गाळला तर तळाची माती पुन्हा त्याच्यावरच बसते.

कोथिंबीर न धुता, मुळं कापून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवली तर पाच-सहा दिवस टिकते. तिचे कोवळे देठ फेकू नका, वाटणात पानांपेक्षा त्यांचाच स्वाद जास्त उतरतो. चैत्रात कढीपत्त्याला नवी पालवी फुटते. ती पातळ असते आणि तेलात पटकन करपते, म्हणून फोडणीत मोहरी-हिंगानंतर सगळ्यात शेवटी टाकावी.

आता मुद्दा भाजी. पाला आणि डाळ घोटून पातळ ठेवली तर गरगटं, भाकरीवर गोळा बसेल इतकी आटवली तर मुद्दा. चार जणांसाठी निवडलेला चाकवत तीनशे ग्रॅम, आंबट चुका शंभर ग्रॅम, तूरडाळ अर्धी वाटी, दोन तास भिजवलेली हरभरा डाळ दोन चमचे, तितकेच शेंगदाणे, बेसन दोन चमचे, हिरव्या मिरच्या पाच-सहा, लसूण दहा-बारा पाकळ्या, सुक्या लाल मिरच्या दोन आणि सुपारीएवढा गूळ.

तूरडाळ, हरभरा डाळ आणि शेंगदाणे हळद घालून कुकरला तीन-चार शिट्ट्यांत शिजवा. या कुकरात चुका टाकायचा नाही. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच: वेळ वाचवायला पाला आणि डाळ एकत्र चढवली जाते आणि डाळ काही केल्या मऊ होत नाही. आंबटपणामुळे डाळीच्या पेशींच्या भिंती घट्टच राहतात, मग सहा शिट्ट्या काढल्या तरी दाणा दाताखाली येतो. चिंच, कोकम, कैरी, टोमॅटो, सगळ्यांचं तेच. आंबट नेहमी डाळ मऊ झाल्यावर.

चाकवत आणि मिरच्या दुसऱ्या पातेल्यात, धुताना पानाला राहिलेल्या पाण्यावरच, सहा-सात मिनिटं शिजवा. झाकण ठेवू नका, कोंडलेल्या वाफेने पाल्याचा हिरवा रंग मेंदीसारखा काळपट होतो. मग चुका टाका, तो दोन मिनिटांत विरघळतो. पातेलं स्टीलचं किंवा कल्हईचं घ्यावं. लोखंडाच्या कढईत आंबट भाजी काळी पडते आणि तोंडाला लोखंडाची चव येते. शिजलेली डाळ घालून रवीने किंवा डावाच्या पाठीने घोटा, पण हरभरा डाळ आणि शेंगदाणे अखंड राहू देत, मिक्सर लावू नका. बेसन गार पाण्यात कालवून धार धरून ओता आणि ढवळत राहा. गरम भाजीत कोरडं बेसन टाकलं की गुठळ्या झाल्याच. मीठ, गूळ घालून मंद आचेवर आठ मिनिटं खदखदू द्या. कमी शिजवली तर कच्च्या पिठाचा वास येतो आणि तो मागाहून कितीही फोडणी दिली तरी जात नाही. शेवटी तीन चमचे तेलात ठेचलेला लसूण बदामी करा, सुक्या मिरच्या टाका आणि ही फोडणी ताटात वाढलेल्या भाजीवर घ्या. सोबत जोंधळ्याची भाकरी, कांदा आणि कारळाची चटणी. ताटाला आणखी काही लागत नाही.

मेथीची गोष्ट उलटी. कोवळी मेथी शिजवूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बारीक चिरून कांदा, शेंगदाण्याचं कूट, लिंबू, मीठ आणि वरून कच्चं तेल घालून पचडी करावी. मीठ अगदी पानावर बसताना घाला, नाहीतर पाच मिनिटांत पाणी सुटून ती गळून जाते. जून मेथी परतायची असेल तर मीठ शेवटी: कढईभर पाला मूठभर होतो आणि आधीच्या ढिगाच्या अंदाजाने टाकलेलं मीठ मग खारट लागतं.

कोवळ्या फणसासाठी हाताला आणि विळीला खोबरेल चोळा, चीक नुसत्या साबणाने निघत नाही. साधारण किलोचा, सुरी सहज आरपार जाणारा फणस घ्यावा. आत बियांची साल कडक झाली असेल तर तो भाजीचा राहिला नाही. काटेरी साल आणि मधला कडक दांडा काढून फोडी ताक घातलेल्या पाण्यात टाका, म्हणजे काळ्या पडत नाहीत. मीठ-हळद घालून कुकरला दोन शिट्ट्या द्या, पाणी काढून टाका आणि फोडी हलक्या हाताने ठेचून रेषा मोकळ्या करा. मोहरी, हिंग, चार सुक्या मिरच्या यांच्या फोडणीत उकडलेले वाटाणे आणि हा फणस दहा मिनिटं परता, वरून गूळ आणि अर्धी वाटी ओलं खोबरं घाला. तीन शिट्ट्या झाल्या तर रेषा जाऊन लगदा होतो.

पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं-फुलं गुळासोबत, म्हणजे कन्नड शेजाऱ्यांचं बेवु-बेल्ल. त्यानंतर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ. एक वाटी हरभरा डाळ चार-पाच तास भिजवून अर्धा तास चाळणीत निथळत ठेवा. हा अर्धा तास वगळला तर डाळीचा चिखल होतो. तीन मिरच्यांबरोबर थांबत थांबत, पाणी न घालता भरड वाटा. अर्धी वाटी किसलेली कैरी घाला, पण कैरी चाखून बघा, फार आंबट असेल तर पाव वाटीच घ्या. मीठ, दोन चमचे साखर, कोथिंबीर, खोबरं घाला. मोहरी-हिंग-हळदीची फोडणी पूर्ण गार करून ओता, गरम फोडणीने डाळीला उग्र वास येतो.

ही डाळ कच्ची असल्यामुळे उन्हाळ्यात बाहेर तीन-चार तासांच्या वर ठेवू नये. उरली तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन चमचे तेलात मोहरी-कढीपत्त्यावर टाकून झाकणावर पाण्याचं ताट ठेवा आणि मंद आचेवर दोन वाफा काढा. मोकळी झाली की वाटली डाळ तयार, गरम भाताबरोबर त्याच दुपारी संपवावी.