गावाचा कार्बन हिशेब: आधी मीटर, मग झाडं

मी पेशाने वायरमन, त्यामुळे माझी नजर आधी मीटरवर जाते. गावाने मिळून कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या वापरामुळे हवेत जाणारे तापमान वाढवणारे वायू, कमी करायचं ठरवलं की पहिल्याच बैठकीत कोणीतरी "झाडं लावू या" म्हणतं. लावा की! पण रोपाचं झाड व्हायला वर्षं जातात, आणि तोवर पंप नि गाड्या धूर ओकतच असतात. म्हणून सुरुवात वहीपासून.

प्रत्येक घराची मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं मागा. एखाद्या महिन्याचं बिल उपयोगाचं नाही, ऋतूप्रमाणे वापर बदलतो. रक्कम नको, युनिट लिहा. सोबत पेट्रोल-डिझेलचे लिटर आणि गॅसचे किलो. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा २.७, किलोभर एलपीजीचा ३ किलोच्या आसपास. विजेचं तसं नाही. निव्वळ कोळशावरची असेल तर युनिटमागे किलोभर, धरणावरची असेल तर अगदी थोडा. आपल्या ग्रिडचा, म्हणजे घरोघर वीज पोचवणाऱ्या जाळ्याचा, अधिकृत आकडा घ्या, पण गावाने किती वाचवलं हे युनिटवरच तपासा. ग्रिड सुधारली तर कार्बनचा आकडा आपण हात न हलवताही उतरतो, आणि मग त्याचं श्रेय घ्यायला सगळे पुढे.

वहीत घरांना नंबर द्या, नावं नकोत. प्रत्येकाला फक्त त्याचा आकडा आणि सगळ्या घरांचे आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मध्ये येणारा आकडा सांगा. सरासरी सांगू नका. दोन-चार मोठी घरं ती फुगवतात. गिरणी, दुकानं वेगळ्या पानावर.

इंग्लंडमध्ये चेशर परगण्यात अ‍ॅश्टन हेज नावाचं हजारेक वस्तीचं गाव आहे. २००६मध्ये त्यांनी हे काम हाती घेतलं. घरोघरच्या पाहणीला चेस्टर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे हात लागले. दहा वर्षांत उत्सर्जन सुमारे २४ टक्क्यांनी खाली आलं. त्यांचा एक नियम मला फार आवडतो: पुढाऱ्यांनी सभेला खुशाल यावं, भाषण मात्र करायचं नाही.

आता प्रत्यक्ष काम. दिवे बदलणं सोपं: ६० वॉटच्या बल्बच्या जागी ९ वॉटचा एलईडी. रस्त्यावरचे दिवे दिवसाढवळ्या जळत असतील तर उजेड पडला की दिवा आपोआप बंद करणारा फोटोसेल बसवा. यावर बैठक घेऊ नका, करून टाका.

खरी मेख पाण्याच्या पंपांत. पाइप अरुंद असेल तर मोटार पाण्यापेक्षा घर्षणाशीच झगडते. व्यास निम्मा केला आणि पाणी तेवढंच ढकलायचं म्हटलं, तर घर्षण जवळपास ३२ पट होतं. नको तिथले एल्बो (पाइप वळवणारे सांधे), गळका फूटव्हॉल्व्ह (पाण्यात बुडालेल्या टोकाची झडप), गरजेपेक्षा मोठा पंप घेऊन अर्धवट बंद ठेवलेला व्हॉल्व्ह, हे सगळं बिलात दिसतं. गावात एक क्लँप मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारं यंत्र, सामाईक घ्या आणि पंपामागून पंप तपासत चला. एकट्याने तो विकत घेणं परवडत नाही. पाच-पंचवीस जणांत काहीच वाटत नाही. जळालेली मोटार कशीतरी रिवाइंड करून (आतली तार नव्याने गुंडाळून) वर्षानुवर्षं ओढण्यापेक्षा बदललेली बरी, हेही तेव्हाच हिशेबाने पटतं.

बायोगॅसबद्दल जरा जपून. त्यात मिथेन असतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. गळका प्लांट ठेवण्यापेक्षा शेण कोरडं, हवेशीर पसरलेलं चांगलं.

जे घर आकडे देत नाही त्याच्या मागे लागू नका. शेजारचं बिल उतरलेलं कळलं की ते आपणहून येतं. पुढच्या वर्षीची तुलना मात्र पहिल्या वर्षी आलेल्या घरांचीच करा. नवी घरं आली की त्यांचं पान वेगळं, आणि त्यांचं पहिलं वर्षही तिथूनच धरा.