नळीतला आवाज ठरावीक पट्ट्यात कसा अडवावा

ठरावीक अंतराने तीच तीच रचना पुन्हा येत गेली, की काही वारंवारतांच्या लहरी तिच्यातून पुढे जातच नाहीत. हा बंद पट्टा, म्हणजे बँडगॅप, पाहायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एक जाड नळी, एक बारीक नळी, लहान स्पीकर आणि मायक्रोफोन पुरे.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाका. बंद पट्ट्यातला आवाज रचना शोषून घेत नाही, ती तो परत पाठवते. त्यामुळे 'आवाज अडवायचा तर आत फोम भरा' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. फोम भरलात तर मोजमापात काहीतरी घट नक्की दिसेल, पण ती बँडगॅपची नसेल.

आधी माप ठरवा. हवेत आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सुमारे ३४३ मीटर प्रतिसेकंद असतो. बंद पट्ट्याचा मध्य साधारण तिथे येतो, जिथे रचनेच्या एका घराची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका भागाची, लांबी अर्ध्या तरंगलांबीइतकी होते. भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स ब्रॅगने १९१२मध्ये स्फटिकातल्या क्ष-किरणांसाठी मांडलेला नियम हाच. माद्रिदमधल्या एका शिल्पात १० सेंटीमीटर अंतराने उभ्या केलेल्या पोलादी नळ्या आहेत. १९९५मध्ये त्यांच्यातून जाणारा आवाज मोजला, तेव्हा १६७० हर्ट्झजवळ मोठी घट सापडली. आपला हिशेब (वेग भागिले घराची दुप्पट लांबी) १७१५ हर्ट्झ सांगतो. आपल्याला १००० हर्ट्झजवळ पट्टा हवा आहे, म्हणून घर १७ सेंटीमीटरचं घ्या: ८.५ बारीक, ८.५ जाड.

आतला व्यास जाड नळीचा ५० मिलिमीटर आणि बारीक नळीचा २५ असू द्या. बारीक नळीचे तुकडे कापा, दोन्ही टोकांना भोक पाडलेल्या चकत्या घट्ट चिकटवा आणि हे तुकडे एकाच अखंड जाड नळीत ८.५ सेंटीमीटरच्या अंतराने सरकवा. उतरते सांधे असलेले जोड वापरू नका. व्यास एकदम बदलला पाहिजे, कारण परावर्तन त्या पायरीवरच होतं. चार घरं करा. एका टोकाला स्पीकर बसवा. शेवटच्या घरापुढे अर्धा मीटर साधी नळी ठेवा आणि तिच्या सुरुवातीलाच भिंतीला भोक पाडून मायक्रोफोन लावा.

आता खरी अडचण. माझाही सर्वांत जास्त वेळ इथेच गेला, आणि बहुतेक मार्गदर्शक इथे गप्प बसतात. कोणत्याही साध्या नळीत दोन्ही टोकांकडून परावर्तन होऊन स्थिर लहरी तयार होतात. मीटरभर लांबीच्या नळीत दर १७० हर्ट्झला एक शिखर आणि मध्ये एक दरी दिसते. त्यातलीच एखादी दरी १००० हर्ट्झच्या आसपास पडली, की लोक 'सापडला बँडगॅप' म्हणून मोकळे होतात. एका आलेखावर मुळीच विश्वास ठेवू नका.

म्हणून मायक्रोफोनच्या पुढच्या अर्ध्या मीटरमध्ये कापूस भरा. सुरुवातीला विरळ आणि टोकाकडे दाट भरा. एकदम दाट बोळा ठेवलात तर तोच आरशासारखा लहर परत पाठवेल. इथे कापूस चालतो, कारण तो रचनेच्या बाहेर आहे. मोजून झालं, की तेवढ्याच लांबीची, आत तुकडे नसलेली जाड नळी घ्या, स्पीकरची पातळी आणि मायक्रोफोनची जागा तीच ठेवा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे डेसिबलमध्ये वजा करा. वजाबाकीच खरं चित्र दाखवते.

निर्णायक चाचणी मात्र वेगळी आहे. एक घर वाढवा. स्थिर लहरींच्या दऱ्या जागा बदलतील, दाट होतील. बंद पट्टा जागचा हलणार नाही, फक्त अधिक खोल होईल. या व्यासांना क्षेत्रफळाचं प्रमाण ४ आहे, म्हणून पट्ट्याच्या मध्यावर आदर्श गणितात प्रत्येक घरामागे १२ डेसिबल घट मिळते आणि पट्टा साधारण ५९० ते १४०० हर्ट्झ इतका रुंद येतो. प्रत्यक्षात तो या हिशेबापेक्षा थोडा खाली येतो, कारण प्रत्येक पायरीवर हवेचा स्तंभ किंचित लांब असल्यासारखा वागतो. म्हणून तुकडे पुन्हा कापायला घेऊ नका.

चार घरांनंतर पट्ट्यातली घट वाढणं थांबलं, तर दोष रचनेचा नाही. आवाज नळीबाहेरून, खोलीतल्या हवेतून मायक्रोफोनपर्यंत पोहोचतोय. स्पीकरकडचं टोक मळलेल्या मातीने बंद करून पुन्हा मोजा. आकडा तोच राहिला, तर तुम्ही गळती मोजत आहात. फोनने मोजत असाल तर आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी आणि गोंगाट काढणारी सोय आधी बंद करा. ती एकसुरी आवाज गोंगाट समजून पुसते आणि हळू आवाज मोठा करून दाखवते.

प्रत्येक मोजमापात स्पीकरच्या एकसुरी आवाजाची वारंवारता २०० ते २००० हर्ट्झ, १० हर्ट्झच्या पावलांनी फिरवा.

२००० हर्ट्झजवळ दुसरा पट्टा शोधत बसू नका. दोन्ही तुकडे समान लांबीचे असल्यामुळे तो मिटतो. पुढचा थेट ३००० जवळ येतो.

हे जमलं की मधल्या एका जाड भागाची लांबी दुप्पट, म्हणजे १७ सेंटीमीटर करा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारखेच तुकडे राहतील याची खात्री करा. बंद पट्ट्याच्या मध्यावर एक बारीक शिखर उगवेल आणि तिथला आवाज आरपार जाईल. ते अरुंद असतं, म्हणून १००० हर्ट्झजवळ २-३ हर्ट्झच्या पावलांनी शोधा, नाहीतर हातचं निसटेल.