मेळघाटात पोषणकार्यासाठी नव्याने येणाऱ्यांना

पोषणशास्त्र किंवा समाजकार्य शिकून धारणी-चिखलदऱ्याकडे कामाला येणाऱ्या मुलामुलींना मी आधी अंगणवाडीत बसायला सांगते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, आणि गरीब घरातल्या मुलाचे वजन, पूरक आहार, लसीकरण, गरोदर मातेची नोंद हे सारे आजही सेविका, मदतनीस, आशा आणि एएनएम (उपकेंद्रातली परिचारिका) यांच्याच हातून होते. त्यांच्या कामाला जोड द्यायला आपण आलो आहोत, तपासणी करायला नव्हे.

मोजमाप मात्र काटेकोर शिकून घ्यावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटीमीटरहून कमी असेल, उंचीच्या मानाने वजन उणे ३ प्रमाण विचलनाखाली (म्हणजे तेवढ्याच उंचीच्या निरोगी मुलांच्या मानाने फारच कमी) असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर यांपैकी एकच खूण आढळली तरी ते मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम, ठरते. दोन वर्षांखालील मुलाला आडवे झोपवूनच मोजावे, कारण उभे केल्यास माप सुमारे ०.७ सेंटीमीटरने कमी भरते आणि तेवढ्यानेही मुलाची श्रेणी बदलू शकते. सूज असलेल्या मुलाचे वजन फसवे असते. म्हणून पावलांवर अंगठा काही क्षण दाबून खड्डा राहतो का, हे प्रत्येक वेळी पाहावे.

भूक चांगली असलेल्या व अन्य आजार नसलेल्या सॅम मुलावर अंगणवाडीतल्या ग्राम बालविकास केंद्रात उपचार होतात. भूक मंदावलेले किंवा आजारी मूल पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागते. खरे काम इथून सुरू होते. आई नकार देते तेव्हा नवख्या कार्यकर्त्याला ते अज्ञान वाटते, परंतु तिच्यापुढचे प्रश्न अगदी रोकडे असतात: मजुरी बुडेल, मागे राहिलेल्या लेकरांना कोण जेवू घालील, परत कशाने यायचे? बुडीत मजुरी मिळते का, कधी मिळते, गाडी कोण पाठवणार, हे सारे आधी ठरवून मगच तिच्या घरी जावे आणि बोलताना सासू व नवरा दोघांनाही बसवून घ्यावे.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामाच्या शोधात गाव सोडतात आणि होळीच्या सुमारास परततात. मुलाचे वजन या काळात घसरण्याचा धोका मोठा असतो, म्हणून निघण्यापूर्वी माता-बाल संरक्षण कार्ड सोबत दिले आहे ना, हे पाहावे आणि परतल्याबरोबर पुन्हा मोजावे.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतले जेवण गरोदर व स्तनदा मातेने अंगणवाडीतच जेवावे, असा आग्रह मी धरते, कारण घरी नेलेले ताट सर्वांत वाटले जाते आणि तिच्या वाट्याला थोडेच उरते.

नवजात बाळासाठी गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरच्या सेवेची वाट घालून दिली. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास आशा ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जाते. तिच्यासोबत निदान काही भेटींना जावे. कोरकू बोलीतले चार प्रश्न तरी शिकून घ्यावेत आणि गावच्या भूमकालाही, म्हणजे पारंपरिक वैदूलाही, आवर्जून भेटावे, कारण आजारी बाळ बहुधा आधी त्याच्याकडे जाते आणि त्याने वेळीच दवाखान्याची वाट दाखवली, तर पुढचे काही तास वाचतात.