औषध मारलेले कपडे, विहिरीचं पाणी आणि बाळाची टाच

आमच्या द्राक्षपट्ट्यात फवारणीला फवारणी कुणी म्हणत नाही, ‘औषध मारणं’ म्हणतात. ऑक्टोबर छाटणी उरकली आणि आभाळ भरून आलं, की डावणी या बुरशीरोगाच्या धास्तीने दिवसाआड ब्लोअर, म्हणजे औषध मारायचं यंत्र, फिरतं. पाऊस पडून गेला तर रात्री ट्रॅक्टरचे दिवे लावूनही औषध मारतात. घरधनी येतो, पिवळसर भुकटी बसलेला शर्ट मोरीत टाकतो, आणि सकाळी घरातली बाई तो बाकीच्या धुण्याबरोबर हाताने घासते. निफाड तालुक्यात मी २४ वर्षं आरोग्यसेविका होते. गरोदर बायांची नोंद केली, रक्तदाब घेतला, लोहाच्या गोळ्या दिल्या. ‘हे कपडे कोण धुतं?’ हा प्रश्न मात्र मी फार उशिरा विचारायला लागले.

कशामुळे विचारायला लागले, ते सांगते. २०१४ च्या थंडीत एका वस्तीवर पहिलटकरणीच्या बाळाचं वजन करायला गेले होते. बाळ महिन्याचं. कावीळ अजून पुरती उतरलेली नव्हती, शी तीन-चार दिवसांनी, अंग गार. आजी म्हणाली, ‘लई गुणी आहे हो सिस्टर, रडतच नाही. पाजायलासुद्धा उठवावं लागतं.’ मीही मान डोलावली, कार्डावर वजन लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. अडीच महिन्यांनी कुणीतरी टीएसएच तपासला (थायरॉइड कमी पडलं की रक्तात हा वाढतो), तो शंभराच्या वर निघाला. बाळंतपण झालं त्या दवाखान्यात टाचेतून रक्त घेऊन करतात ती थायरॉइडची तपासणी झाली नव्हती, आणि मीही ती झाली का म्हणून विचारलं नव्हतं. ते मूल आज शाळेत जातं, पण बोलायला फार उशिरा लागलं. आजीचं ते ‘गुणी आहे’ मला अजून ऐकू येतं.

त्या बाळाला औषधामुळे तसं झालं, असं मी म्हणत नाही. जन्मतः थायरॉइड कमी असणाऱ्या बहुतेक बाळांची ग्रंथीच नीट घडलेली नसते किंवा जागेवर नसते, आणि त्यात आईची काहीच चूक नसते. प्रदूषणाचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. ते थायरॉइडचं हार्मोन थोडं थोडं कमी पाडतं, वरून काही दिसत नाही. गर्भाची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागते आणि पुरेसं हार्मोन करू लागायला विसावा आठवडा येतो. तोवर बाळाचा मेंदू आईच्या हार्मोनवर वाढतो. म्हणून खालची बरीचशी काळजी दिवस राहिल्याचं कळल्या दिवसापासून घ्यायची आहे. पाचव्या महिन्यात सुरू केली तर सगळ्यात नाजूक काळ निघून गेलेला असतो.

आधी कपडे

मॅन्कोझेब हे बुरशीनाशक आपल्याकडे द्राक्ष, टोमॅटो, बटाटा सगळ्यांवर मारतात. दुकानात ‘एम-४५’ म्हणून मागितलं जातं. ते विघटन पावलं की ईटीयू नावाचा पदार्थ तयार होतो, आणि आयोडीनपासून हार्मोन करणारं जे एन्झाइम ग्रंथीत असतं त्यालाच तो थोपवतो. थायरॉइड जास्त झालेल्या रुग्णांना जी गोळी देतात तिचा गाभाही याच जातीचा आहे, म्हणजे ग्रंथी मंदावणं हा त्या रसायनाचा स्वभावच. युरोपीय संघाने २०२० साली मॅन्कोझेबची परवानगी पुढे चालू ठेवायला नकार दिला.

कोस्टारिका देशात मातिना भागात केळीच्या बागांवर विमानातून मॅन्कोझेब मारतात. तिथल्या गरोदर बायांच्या लघवीत ईटीयू किती, ते संशोधकांनी मोजलं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. बागेपासून पन्नासेक मीटरवर राहणाऱ्यांमध्ये ते अर्ध्या किलोमीटरपलीकडच्या बायांपेक्षा ४५ टक्के जास्त होतं. आणि आदल्या दिवशी शेतातले कपडे धुतलेल्या बायांमध्ये ११ टक्के जास्त. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मोऱ्या आठवल्या.

तेव्हा नियम एवढाच: गरोदर बाईने औषध मारलेले कपडे धुवायचे नाहीत. ज्याने औषध मारलं त्यानेच ते धुवायचे. घरात येण्याआधी, पंपाजवळ किंवा मळ्यातल्या नळाखाली कपडे उतरवायचे, तिथेच अंघोळ करायची, बूट तिथेच ठेवायचे. या कपड्यांची बादली वेगळी, तिच्यावर लाल रंगाचा पट्टा ओढा म्हणजे चुकून कुणी तिच्यात भाजी धुणार नाही. कपडे झटकू नका, कोरडी भुकटी उडते. आधी भरपूर पाण्यात नुसते खळबळून ते पाणी विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब ओता, मग साबण लावा, तेही रबरी हातमोजे घालून. बाळंत्यांच्या दोरीवर ते वाळत घालू नका. नवऱ्याला हे सांगायला संकोच वाटत असेल तर मला बोलवा, असं मी बायांना सांगायचे. बहुतेक गडी ऐकतात. त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.

औषधाचे पुडे आणि डबे घरात, माळ्यावर किंवा पलंगाखाली ठेवू नयेत. रिकाम्या डब्यात पाणी, तेल, दाणे भरू नयेत; तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच टाकायचं आणि डब्याला भोक पाडायचं. टाकीत औषध कालवायला गरोदर बाईने हात लावायचा नाही, काठीनेसुद्धा नाही.

बागेत कामाला जाणाऱ्या बायांसाठी

पेठ-सुरगाण्याहून मजुरांच्या ज्या टोळ्या येतात त्यांतल्या बायांची मला जास्त काळजी वाटते. स्वतःची बाग असलेली बाई घरी बसू शकते, त्यांचा तर दिवसच मजुरीवर. विरळणी (घडातले मणी कमी करणं) आणि डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं) ही दोन्ही कामं अशी की पानं-घड चेहऱ्याशी येतात आणि हात कोपरापर्यंत ओले होतात. काल कोणतं औषध मारलं, हे टोळीला कुणी सांगत नाही. मुकादमाला विचारायचा हक्क तुम्हाला आहे: या प्लॉटवर कधी, काय मारलंय? डब्याच्या लेबलावर किंवा सोबतच्या कागदावर बागेत परत शिरायला किती वेळ थांबायचं ते छापलेलं असेल, तर तेवढा वेळ तिथे जायचं नाही. दिवस राहिलेल्या बाईला शेडमधलं पॅकिंगचं काम द्यायला सांगा. काम उक्तं घेतलेलं असेल तर बाकीच्या बायांनी तिला डिपिंगऐवजी दुसरं काम वाटून द्यावं. हे मी टोळ्यांमध्ये होताना पाहिलं आहे. लांब बाह्यांचा शर्ट, हातमोजे, डोक्याला रुमाल, आणि भाकरी खाण्याआधी साबणाने हात. तंबाखूची मिश्री लावायची सवय असेल तर तीही या नऊ महिन्यांत सोडा. बाळ हलकं होतं.

शेजारच्या बागायतदाराला सांगून ठेवा की औषध मारायच्या आधी फोन करा. फोन आला की घराची त्या बाजूची खिडकी लावा, वाळवण आणि गोधड्या आत घ्या, पाण्याच्या टाकीवर झाकण आहे का पाहा. वारा घराकडे असेल तर गरोदर बाईने दोन-तीन तास गावात कुणाकडे जाऊन बसावं.

पाणी

खतातलं नायट्रेट जमिनीतून विहिरीत आणि बोअरमध्ये उतरतं. आयोडीन ग्रंथीत ज्या दाराने शिरतं त्याच दारात नायट्रेट गर्दी करतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, त्यावर नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांत महाराष्ट्राचेच सात आहेत: वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ. नाशिक त्यात नाही म्हणून गाफील राहू नका. दर विहिरीचं पाणी वेगळं असतं.

बाया मला हमखास सांगतात, ‘आम्ही उकळून पितो.’ उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते उलट दाट होतं. तुरटी फिरवून, मेणबत्तीच्या फिल्टरमधून गाळूनही जात नाही. आरओने कमी होतं. पण आधी तपासून घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, जलजीवन मिशनमध्ये गावोगावी बायांना पाणी तपासायचं किट आणि शिक्षण दिलेलं आहे. पक्का आकडा हवा तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत बाटली पाठवता येते. पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा तपासा. नायट्रेट जास्त निघालं तर पिण्यापुरतं पाणी दुसरीकडून आणा. आणि फवारणीची टाकी विहिरीच्या नळीने भरताना नळीचं तोंड टाकीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. पंप बंद पडला की औषधाचं पाणी उलटं विहिरीत ओढलं जातं.

मीठ

प्रदूषकं दार अडवत असली, तरी आईच्या पोटात आयोडीन पुरेसं जात असेल तर त्यांचा जोर कमी पडतो. गरोदरपणात रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, एरवी १५०. आपल्याकडे ते मुख्यतः मिठातूनच मिळतं. कायद्याने घरात येणाऱ्या मिठात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन असायला हवं. अलीकडे ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधव आणि खडे मीठ घराघरात आलं आहे, त्यात पुरेसं आयोडीन नसतं. मला हे फार खटकतं, कारण चांगल्या हेतूने, जास्त पैसे मोजून लोक बाळाचं आयोडीन कमी करत आहेत. गरोदर बाईच्या ताटात आयोडीनयुक्त मीठच हवं. पाकीट उघडल्यावर बरणीत, झाकण घट्ट, चुलीपासून लांब. शक्यतो भाजी उतरवताना मीठ घाला. आशाताईकडे मीठ तपासायचं किट असेल तर चिमूटभर मिठावर एक थेंब टाकून घ्या, जांभळं-निळं झालं की आयोडीन आहे. मात्र आयोडीन चांगलं म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या किंवा थेंब स्वतःहून घेऊ नका. अतिरेकानेही बाळाची ग्रंथी बंद पडते.

धूर

घरात कुणी सिगारेट-विडी ओढत असेल तर अंगणाबाहेर. त्या धुरातलं थायोसायनेटही आयोडीन अडवतं, आणि अंगावरच्या दुधातलं आयोडीनही कमी करतं. फटाक्यांत परक्लोरेट असतं आणि तेही तेच करतं; दिवाळीत गरोदर बाईने धुरात उभं राहू नये. चुलीऐवजी गॅस, निदान चूल उघड्यावर.

पण सगळ्यात कळकळीने सांगते ते कचऱ्याबद्दल. जुन्या पीव्हीसी पाइपचे तुकडे, औषधाच्या पिशव्या बांधावर जाळू नका. त्यातून डायॉक्सिन निघतं आणि ते चरबीत वर्षानुवर्षं टिकतं. इटलीत सेवेसोजवळ १० जुलै १९७६ रोजी कारखान्यातून डायॉक्सिनचा लोट बाहेर पडला होता. १९९४ ते २००५ या काळात त्या भागातल्या बायांना झालेल्या बाळांचं टाचेचं रक्त पाहिलं तेव्हा लांबच्या वस्तीत ५ च्या वर टीएसएच असलेली बाळं शंभरात तीनही नव्हती, सर्वाधिक बाधित भागात मात्र १६ होती. मधे जवळजवळ वीस ते तीस वर्षं गेलेली होती. आपल्या बांधावरची शेकोटी सेवेसोएवढी नसते, हे खरं. पण डायॉक्सिन इतकी वर्षं टिकतं, म्हणून मी तिच्याकडे लहान गोष्ट म्हणून पाहत नाही.

तपासण्या

पहिल्या भेटीतच आईचा टीएसएच मागून घ्या. आधीपासून थायरॉइडची गोळी चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टरांकडे जा, डोस बहुधा वाढवावा लागतो. ती गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि आम्ही देतो त्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यानंतर चार तासांनी. एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही.

बाळंतपणानंतर ४८ ते ७२ तासांत बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टीएसएच पाहतात. जन्मानंतर पहिल्या दिवशी टीएसएच सगळ्याच बाळांचा उसळलेला असतो, त्यामुळे घाईने घेतलेलं रक्त फसवतं. ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, मागावी लागते. घरी सोडायच्या वेळी विचारा: ‘टाचेचं रक्त घेतलं का? रिपोर्ट कधी, कुठे मिळेल?’ पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि कागदावर नंबर सासरचा असतो, मग रिपोर्ट मधल्यामध्ये राहतो. ज्या माणसाजवळ बाळ असेल त्याचा नंबर लिहा, आणि आठ दिवसांत फोन आला नाही तर स्वतः जा. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा फार कमी वजनाचं असेल तर दोन ते चार आठवड्यांनी परत तपासायला सांगा. नाळेवर पोव्हिडोन आयोडीनचं तपकिरी औषध लावू नका, बाळाच्या कातडीतून आयोडीन आत जातं आणि टीएसएच वाढतो. नाळ कोरडी ठेवली की पुरे.

लांबलेली कावीळ, घोगरं रडणं, मोठी जीभ, फुगलेली बेंबी, बद्धकोष्ठ, सतत झोप: यातलं काही दिसलं तर रिपोर्ट चांगला असला तरी पुन्हा दाखवा. आणि लक्षणांची वाट पाहत बसू नका, कारण बहुतेक बाळं जन्मतः अगदी छान दिसतात.

टीएसएच वाढलेला निघाला तर शिरेतलं रक्त घेऊन खात्री करतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉइडची गोळी सुरू व्हावी, एवढी घाई खरोखर लागते. गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून चुरडायची, थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवून चमच्याने लगेच पाजायची. बाटलीभर दुधात टाकू नका, बाळ ते संपवेलच असं नसतं. लोह-कॅल्शियमचे थेंब आणि सोयाची पावडर तिच्याबरोबर नको. वजन वाढतं तसा डोस बदलतो, म्हणून रक्ताच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लिहून टाका. तीन वर्षांचं झाल्यावर ज्यांना शक्य आहे त्यांची गोळी थांबवून डॉक्टर ग्रंथी पुन्हा तपासतात. तोवर घरच्या घरी गोळी बंद करायची नाही, आणि बाटली संपायच्या आठ दिवस आधी नवी आणून ठेवायची.