जुना सोडा कूलर: नवा करावा, नुसता चालू करावा की आहे तसा जपावा?

जुन्या सोडा कूलरवरून, म्हणजे शीतपेयांच्या बाटल्या थंड ठेवायच्या पेटीवरून, पहिल्यांदा फिरवायचं ते ओलं फडकं, पॉलिश पेपर नव्हे. मी पहिल्यांदा हाती घेतलेल्या पेटीचं झाकण तासाभरात पत्रा दिसेपर्यंत घासून काढलं होतं. मग पुढची बाजू घ्यायला गेलो, तर वरच्या पांढऱ्या रंगाखालून लाल रंग डोकावू लागला आणि पाठोपाठ अक्षरांची कड दिसली. कुणीतरी कधीकाळी वरून रंगाचा एक हात मारला होता, पण खाली कारखान्यातला मूळ रंग शाबूत होता. पुढची बाजू वाचली. झाकणावरचा रंग मात्र गेला तो गेलाच.

म्हणून या कामात पहिली पायरी हत्यारांची नाही, निर्णयाची आहे. सुटे भाग पुढेही मिळू शकतात, यंत्रणा बदलता येते, पण मूळ रंग एकदाच लागलेला असतो.

आपल्यासमोर नेमकं काय आहे

जुने कूलर बहुतेक अमेरिकी बनावटीचे. कोका-कोलासाठी १९२९ साली इंडियाना राज्यातल्या मन्सी गावच्या ग्लास्कॉक ब्रदर्सनी बर्फावर चालणारी पेटी आणली. तिच्यात मोटर नव्हती, वीजही नव्हती. पुढे विजेवर चालणाऱ्या झाकणाच्या पेट्या आल्या, त्यांत वेस्टिंगहाउसचं नाव सतत भेटतं. नाणं टाकून बाटली काढायची यंत्रं व्हेंडो (कॅन्सस सिटी), व्हेंडोलेटर (फ्रेस्नो), कॅव्हेलिअर (चॅटनूगा) अशा कंपन्यांनी बनवली. व्हेंडोचं व्ही-८१ हे मॉडेल तर संग्राहकांचं फार लाडकं. याशिवाय हातात धरून न्यायच्या सहलीच्या छोट्या पेट्याही असतात.

बर्फाची पेटी म्हणजे फक्त पत्रा, रंग आणि पाण्याची गळती एवढाच मामला. विजेच्या पेटीत त्यात वायरिंग, मोटर आणि थंडावा देणारा गॅस यांची भर पडते. नाण्याच्या यंत्रात वरून कुलूप, नाण्याची यंत्रणा आणि बाटल्या सोडणारा भाग. प्रत्येक टप्प्यावर काम दुपटीने वाढतं, हे घेण्याआधीच मनाशी धरा.

मॉडेल, क्रमांक, व्होल्टेज आणि गॅसचं नाव असलेली पट्टी शोधा. ती कॉम्प्रेसरच्या खणात, दाराच्या आतल्या कडेला किंवा पाठीमागे असते. दिसली की लगेच फोटो काढा, घासू नका. एका फसव्या खुणेपासून सावध राहा. पेटीच्या अंगावर ‘स्टार एक्स’ नावाचा ओतीव लोखंडी बॉटल ओपनर असतो आणि त्यावर १९२५ साल कोरलेलं दिसतं. ते पेटंटचं साल आहे. त्यावरून पेटीचं वय ठरत नाही, आणि हा ओपनर नंतरही अनेक वर्षं बनत राहिला.

तब्येत तपासणी

पेटी रिकामी करून उजेडात घ्या. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत चला. निरोगी पत्रा खणखणतो, लांबी (खड्डे बुजवायचा लगदा) भरलेली जागा बद्द वाजते. शंका आली तर तिथे छोटं लोहचुंबक लावून पाहा. लांबीचा थर जाड असेल तर ते धड चिकटत नाही.

गंजाची खरी जागा तळ. आतल्या आणि बाहेरच्या पत्र्यांमध्ये उष्णतारोधक थर असतो, तो पाणी पितो आणि वर्षानुवर्षं ओला राहून पत्रा आतून खातो. तळाच्या कडेला, पायांच्या जोडाजवळ आणि पाणी सोडायच्या बुचाभोवती जाड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने हलकेच दाबून पाहा. वरवरचा तांबूस गंज ही काळजीची गोष्ट नाही. खड्डे पडले असतील तर लक्ष ठेवावं लागेल. टोक आरपार गेलं, तर पत्रा कापून नवा जोडायचं काम आलं, आणि ते चांगल्या पत्राकामवाल्याचं आहे.

ज्या पेटीत बाटल्या थंड पाण्यात उभ्या राहतात, तिची आतली टाकी पाण्याने भरा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि २४ तास सोडा. पातळी उतरली तर सांधा गळतोय.

शेवटी हरवलेल्या भागांची यादी करा. दांडा, बिजागरी, बूच, झाकणं पडायचा डबा हे मिळतात किंवा बनवता येतात. नाण्याची यंत्रणा अर्धवट असेल तर मात्र मी दहादा विचार करेन.

मग ठरवा

माझं स्पष्ट मत आहे की मूळ रंग आणि अक्षरं निम्म्याहून जास्त शिल्लक असतील तर पेटी नव्याने रंगवू नये. ओरखडे, थोडा गंज, झाकणाच्या कडेला हातांनी झिजलेला पट्टा, हे सगळं तिचंच आहे. अशा पेटीची स्वच्छता करावी, गंज थांबवावा आणि थांबावं. मूळ रंग पूर्ण गेला असेल, किंवा वरचा रंग काढून पाहिल्यावर खाली काहीच उरलं नसेल, तर खुशाल नवा रंग द्या. दोन्हींच्या मधला रस्ता म्हणजे बाहेरचं रूप जपून आतली यंत्रणा चालू करणं. रोज वापरायची असेल तर हाच रस्ता शहाणपणाचा. तळ कुजलेला, यंत्रणा अपुरी आणि रंगही गेलेला असेल, तर ती पेटी सुट्या भागांसाठी दुसऱ्या कुणाला देणं हाही चांगला निर्णय आहे. तिच्या भागांवर एखादी बरी पेटी उभी राहील.

स्वच्छता, आणि वरचा रंग काढणं

१९७८ साली अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली. त्याआधीच्या पेटीच्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला. कोरडं घासू नका, ग्राइंडर लावू नका, मास्क घाला आणि लहान मुलांना कामाच्या जागेपासून लांब ठेवा. घासायचंच झालं तर पाणी वापरून घासा आणि गाळ फडक्याने टिपून घ्या.

सौम्य साबण आणि कोमट पाणी यांनी सुरुवात करा. वर मारलेला रंग काढायचा असेल तर पाठीमागची, कुणाच्या नजरेत न येणारी टिचभर जागा निवडा. तिथे आधी टर्पेंटाइन, मग बारीक पॉलिशिंग कंपाउंड असं सौम्याकडून तीव्राकडे जा. फडक्याकडे लक्ष ठेवा. आधी वरच्या रंगाची छटा येते, मग एका क्षणी लाल येऊ लागते. तो मूळ रंगाचा थर. तिथेच हात थांबवायचा. कागदासारखं चिकटवलेलं चित्र असेल तर त्यावर कंपाउंड लावूच नका, ते सोलून निघतं. शेवटी मेणाचा एक पातळ हात द्या.

साध्या लोखंडी भागांचा गंज सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून छान निघतो. पण जस्ताचा मुलामा असलेल्या टाकीत आम्ल घालू नका, गंजासोबत मुलामाही विरघळतो. धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर वापरून गंज काढणार असाल, तर दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीही लावू नका. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. शिवाय हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम उघड्यावरच करायचं.

गळणाऱ्या टाकीचा सांधा डाक देऊन (सोल्डरिंग करून) बंद करा. शिसं नसलेला डाक घ्या, कारण त्या पाण्यात तोंडाला लावायच्या बाटल्या उभ्या राहणार. जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर निघणाऱ्या धुराने ताप भरतो.

वीज: घाईने प्लग लावू नका

जुन्या तारांचं रबर कडक होऊन वाकवताच तुकडे होतात. त्यातही मूळ वायरला बहुधा दोनच पिना असतात, अर्थिंग नसतं. ओलं अंग आणि पत्र्याची पेटी यांच्यामध्ये अर्थिंग नसणं म्हणजे जिवाशी खेळ. नवी तीन तारांची वायर घाला, अर्थ पेटीच्या पत्र्याला घट्ट बांधा.

मग मोटर तपासा, प्लग बाहेर ठेवूनच. पुढचं जमत नसेल तर रेफ्रिजरेशनच्या मेकॅनिकला बोलवा. सीलबंद कॉम्प्रेसरवर कॉमन, स्टार्टिंग आणि रनिंग अशा तीन पिना असतात. कॅपॅसिटर डिस्चार्ज करून पिनांवरच्या तारा सोडवा आणि मल्टिमीटरने प्रत्येक जोडीचा रोध मोजा. समजा दोन जोड्यांत २ आणि ६ ओहम आले, तर तिसऱ्या जोडीत ८ च्या आसपास यायला हवेत. तसं जुळलं तर वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, ठीक. कोणत्याही पिनेपासून कॉम्प्रेसरच्या अंगापर्यंत करंट जाता कामा नये. हे मेगरने, म्हणजे करंटची गळती तपासायच्या मीटरने, पाहिलेलं बरं. जुना कॅपॅसिटर फोडू नका. १९७९ च्या आधीच्यांत पीसीबी हे विषारी तेल असू शकतं.

अमेरिकी पेटी ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असते. जिथे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज असते, तिथे ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, पण हर्ट्झ बदलत नाही. मोटर सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि जास्त तापते, म्हणून सुरुवातीला तासभर जवळ थांबून हात लावून पाहा.

पहिल्यांदा चालू करताना गळती-करंटला तुटणाऱ्या स्विचवरून वीज द्या आणि क्लँप मीटरचा आकडा पट्टीवरच्या अँपिअरशी ताडून पाहा. मोटर गुणगुणून टक्कन बंद होत असेल तर लगेच ती मेली असं समजू नका. कित्येकदा दोष स्टार्टिंग रिलेत, म्हणजे मोटर सुरू करून देणाऱ्या स्विचमध्ये, असतो.

गॅस

पेटी थंड करत असेल तर नळ्यांना हात लावू नका, गेज लावायचाही मोह आवरा. दशकानुदशकं सील टिकलेलं आहे, आपण टोचलेली जागाच उद्या गळेल.

पट्टीवर सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड लिहिलं असेल तर ही फार जुनी यंत्रणा आहे. पहिला जळक्या काडीसारखा वास मारतो आणि श्वास कोंडतो. दुसरा जास्त धोक्याचा, कारण तो विषारी आणि ज्वलनशील असूनही त्याचा सौम्य गोडसर वास कुणाला सावध करत नाही. अशी नळी स्वतः कापू नका.

नंतरच्या पेट्यांत आर-१२ हा गॅस असतो. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांनी त्याचं उत्पादन १९९५ अखेर थांबवलं. त्याच्या जागी आर-१३४ए भरायचा तर नुसता गॅस बदलून भागत नाही. जुनं मिनरल ऑइल त्यात मिसळत नाही, म्हणून ते काढून एस्टर ऑइल, नवा ड्रायर आणि नीट व्हॅक्यूम लागतो. कॉम्प्रेसरच गेला असेल तर मी सरळ नवं युनिट बसवतो, पण मूळ खणात, मूळ भोकांवर, एकही नवा छेद न देता. जुनं युनिट त्या पेटीसोबतच ठेवतो.

नवा रंग द्यायचाच असेल तर

काहीही काढण्याआधी सगळ्या बाजूंचे फोटो घ्या आणि अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून कडा उतरवा. अक्षरं कडेपासून किती अंतरावर आहेत तेही लिहा. मग ठोकून पत्रा सरळ करा, लांबी सगळ्यात शेवटी आणि कमीत कमी. जोरात वाळू मारली तर सपाट पत्रा लाटांसारखा वाकतो.

पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते, आणि शिसं-कथलाचा डाक १८३ अंशांच्या आसपास वितळू लागतो. डाक दिलेली टाकी चुकून भट्टीत गेली तर सगळे सांधे सुटून येतात. रबर आणि आतला थरही आधी काढावाच लागतो. तो जुना थर तंतूंचा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉसची शक्यता असते, तपासून घेतल्याशिवाय चिवडू नका. नव्याने भरताना फोमचा फुगणारा फवारा टाळा. तो पत्र्याला फुगारा आणतो आणि पुढच्या दुरुस्तीत निघत नाही. कापून बसवायच्या फोमच्या पाट्या घ्या.

उठावाची अक्षरं ब्रशने रंगवू नयेत. कडक, छोटा रोलर घ्या, काचेवर रंगाचा पातळ थर पसरवा, रोलर त्यावर फिरवून जवळपास कोरडा करा आणि अक्षरांवरून न दाबता एकाच दिशेने सरकवा. रंग फक्त उंचवट्यावर बसतो. रोलर जरा जास्त भरला की रंग कडेवरून खाली ओघळतो, म्हणून आधी एखाद्या टाकाऊ उठावाच्या पत्र्यावर दहा-बारा वेळा हात बसवा.

जोडणी

झाकणाच्या कडेला कागदाची पट्टी धरून झाकण लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथलं रबर बदला. आतल्या पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर ठेवून रात्रभर चालवा, २ ते ३ अंश आले की थर्मोस्टॅट तिथेच सोडा.

एका गोष्टीत तडजोड करू नका. आत अडकलेली मुलं गुदमरून गेल्यावर अमेरिकेत १९५६ साली घरगुती फ्रिजचं दार आतून उघडलंच पाहिजे असा कायदा झाला आणि तो १९५८ पासून लागू झाला. आपल्या पेट्या बहुतेक त्याआधीच्या. बाहेरून खटका लागत असेल तर तो काढून, नाव लिहिलेल्या पिशवीत, बाकीच्या जुन्या भागांसोबत ठेवून द्या. पेटी कामावर नसेल तेव्हा पाणी सोडून द्या, आत फडक्याने कोरडी करा आणि झाकणाखाली लाकडाचा ठोकळा स्क्रूने पक्का बसवा, म्हणजे ते पूर्ण मिटणारच नाही.