भाड्याचं घर आणि गॅसचा वास: किल्ली मिळाल्या दिवसापासूनची तयारी

भाड्याच्या घराची किल्ली हातात पडली की आपण पाणी किती वाजता येतं ते विचारतो, इंटरनेटवाल्याचा नंबर घेतो, नळ सोडून बघतो. गॅस कुठून बंद होतो हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. पुण्यातल्या माझ्या दुसऱ्या भाड्याच्या घरात एकदा रात्री अकराला नवी टाकी लावली आणि दहा मिनिटांत स्वयंपाकघरात तो कुजकट वास भरला. आम्ही तिघं मेसच्या डब्यावर वाढलेले, रेग्युलेटर एकालाही काढता येईना. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. अंधारातच त्यांनी बटण फिरवलं, काळी रिंग वर ओढून रेग्युलेटर काढला आणि म्हणाल्या, "टोपी कुठाय?" टोपी, म्हणजे टाकीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण, आम्ही दोरी कापून केरात टाकली होती आणि केराची पिशवी जिन्यात ठेवली होती. केळीच्या सालींतून ती शोधून काढली, काकूंनी तोंडावर दाबली, कट्ट आवाज आला आणि फुसफुस थांबली.

म्हणून माझी यादी टोपीपासून सुरू होते. ती दोरी कापायची नाही. टाकीच्या तोंडात आत एक रबरी रिंग असते. ती फाटकी असली किंवा नसलीच तर रेग्युलेटर चालू करताच तिथून गॅस गळतो. आणि टाकीचा व्हॉल्व्हच नीट मिटत नसेल तर रेग्युलेटर काढूनही गॅस येत राहतो, तेव्हा कामाला येते ती फक्त टोपी. टाकी घरपोच आली की माणसाला दारातून परत पाठवू नका. सील त्याच्यासमोर काढा, रिंग आहे का ते त्यालाच बघायला सांगा, वजन करून मागा. १४.२ किलो गॅस आणि टाकीवर लिहिलेलं रिकामं वजन, एवढी बेरीज जमायला हवी. टाकीच्या वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं, ते पुढच्या चाचणीच्या मुदतीचं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. मुदत उलटून गेलेली टाकी घ्यायची नाही. आणि रेग्युलेटर लावण्या-काढण्याचा सराव दिवसा, खिडक्या उघड्या ठेवून, घरातल्या प्रत्येकाने दोनदा करायचा. पाहुणी आलेली आई असली तर तिनेही.

मग साबण. वाटीत भांड्यांच्या साबणाचा फेस करा, शेगडीची बटणं बंद आणि रेग्युलेटर चालू ठेवा, आणि नळी दोन्ही टोकांना जिथे बसते तिथे बोटाने फेस लावा. बुडबुडा फुगत गेला तर तिथे गळती आहे. काडी ओढून बघणारा एक 'मेकॅनिक' मी डोळ्यांनी पाहिलाय. त्याला मी घराबाहेर काढलं होतं, तुम्हीही काढा. नळीवर तारीख छापलेली असते. केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायचीच, दिसायला कितीही चांगली असली तरी. आधीच्या भाडेकरूची हिरवी, कडक झालेली, टोकाला तार गुंडाळलेली नळी असेल तर पहिला चहा करण्याआधी ती काढा. नवी नळी वितरकाकडूनच घ्या. दीड मीटरहून लांब नळी नको, आणि ती शेगडीच्या मागून किंवा ट्रॉलीच्या खाचेत चेपून न्यायची नाही.

इथे घरमालकाचा विषय येतो. आमच्या एका मालकांचं ठरलेलं वाक्य होतं, "बारा वर्षांत कुणाची तक्रार नाही." वाद घालू नका. नळीच्या तारखेचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, खाली लिहा: "नळीची मुदत संपली आहे, आज बदलतो आहे, पावती पाठवतो." पैसे भाड्यात वळते झाले तर उत्तमच. नाही झाले तरी एवढ्या रकमेसाठी थांबण्यासारखी ही गोष्ट नाही. जोडणी कुणाच्या नावावर आहे हे मात्र करारावर सही करण्याआधी विचारा. मालकाच्या नावावर असेल तर ग्राहक क्रमांक आणि वितरकाचं नाव लिहून घ्या, कारण मेकॅनिकला बोलावताना पहिला प्रश्न तोच येतो. नोंदवलेल्या भाडेकरारावर स्वतःच्या नावाची जोडणीही मिळते. थोड्या महिन्यांसाठीच राहणार असाल तर कंपन्यांची ५ किलोची छोटी टाकी नुसत्या ओळखपत्रावर मिळते. कोपऱ्यावरच्या दुकानातून भरून आणलेली बेनावी टाकी घरात आणू नका.

आता वास आल्यावरचं. टाकीतला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, फरशीवर पसरतो आणि ओट्याखाली, ट्रॉलीत, मोरीच्या खड्ड्यात साचतो. म्हणून वरची एक झडप उघडून भागत नाही, बाल्कनीचं आणि घराचं दार सताड उघडावं लागतं. त्याआधी देवापुढचा दिवा आणि उदबत्ती विझवायची. रोजची सवय असल्यामुळे 'पेटलेलं काही' म्हटल्यावर आपल्याला दिवा आठवतच नाही. विजेचं कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हींत ठिणगी पडते. पंखा नाही, एक्झॉस्ट तर मुळीच नाही. फ्रिजचा प्लगही ओढायचा नाही. आमच्या इमारतीत मीटरची खोली जिन्याखाली आहे, घराची वीज तिथून तोडता येते. तुमची कुठून तुटते ते वॉचमनकाकांना आजच विचारून ठेवा. बाहेरून घरी आलात आणि दाराशीच वास आला तर बेल वाजवू नका, दार ठोका. बटणाला हात न लावणं हेच सगळ्यात अवघड आहे, कारण अंधाऱ्या घरात शिरल्यावर हात आपोआप स्विचकडे जातो.

हे सगळं एक-दोन मिनिटांचं काम. रेग्युलेटर बंद करून काढायचा, टोपी लावायची, माणसं घेऊन जिन्याने खाली. लिफ्ट नको. वास दाट असेल किंवा जोरात फुसफुस ऐकू येत असेल तर टाकीकडेही जायचं नाही, सरळ बाहेर पडायचं. फोन खाली उतरल्यावर करायचा. टाकीच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, अग्निशमन दलासाठी १०१ किंवा ११२. मी हे तिन्ही फोनमध्ये ठेवलेत आणि एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत, कारण त्या रात्री तिघांपैकी दोघांचे फोन चार्जिंगला आत राहिले होते.

घरात पाइपचा गॅस असेल तर थोडा फरक आहे. तो हवेपेक्षा हलका, छताकडे जातो, म्हणून खिडक्या वरपर्यंत उघडायच्या. टोपी वगैरे काही नाही, गॅसच्या मीटरजवळची मुख्य कळ फिरवायची. आडवी, म्हणजे पाइपला काटकोनात, झाली की बंद. अडचण ही की पुष्कळ घरांत मालकांनी हौसेने केलेल्या फर्निचरमागे ती कळ गाडली जाते. माझ्या सध्याच्या घरात ती मसाल्याच्या कपाटामागे होती. नऊ बरण्या आणि प्लायची एक फळी काढल्यावर दिसली. मालकांना फोटो पाठवला, सुताराकडून फळीला हात जाईल एवढी खिडकी कापून घेतली. बिलावर गॅस कंपनीचा तातडीचा क्रमांक असतो. बिल मालकाच्या नावाने येत असेल तर एका बिलाचा फोटो मागून घ्या.

बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तिथे धोका वेगळा असतो, आणि त्याला वासच नसतो. कोंदट जागेत गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि आंघोळ करणारा माणूस आतच बेशुद्ध पडतो. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून मागा. मालक तयार नसतील तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच दार लावा. निव्वळ या कारणावरून मी एक स्वस्त घर सोडलंय.

राहिलं ते नंतरचं. वास कमी झाला म्हणून परत आत जाऊन शेगडी पेटवून बघायची नाही. मेकॅनिक येईपर्यंत टाकी मोकळ्या जागेत उभीच ठेवायची, आडवी नाही. काय बदललं ते पावतीवर लिहून घ्यायचं आणि पावतीचा फोटो मालकांना पाठवायचा. त्या रात्री आमचा मेकॅनिक आला तो सकाळी नऊला. तोवर आम्ही काकूंकडे होतो. त्यांनी दोन वाजता पोहे केले, आणि शेगडी पेटवताना आम्हा तिघांना मुद्दाम ओट्याजवळ उभं केलं.