कुमाऊँच्या उंचावरची भांग : वाण राखण्याच्या कामात येणाऱ्यांसाठी

हिमालयातल्या देशी भांगेवर काम करायचं तर सुरुवात कुठून करायची, असं कृषी वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलं हल्ली विचारतात. मी उत्तराखंडातल्या कुमाऊँमध्ये हेच काम करतो, म्हणून जे हाताखालून गेलंय ते सांगतो.

आधी कायदा. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीचा कायदा, १९८५ प्रमाणे परवान्याशिवाय एक रोप लावणंही गुन्हा आहे. धागा आणि बियांसाठी लागवडीला मुभा देण्याचा अधिकार मात्र कलम १४ सरकारला देतं. २०१८ मध्ये उत्तराखंडनं व्यावसायिक लागवडीला अशी मुभा दिली. अट एकच कडक, टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांच्या आत. तेव्हा उमेदवारी परवाना असलेल्या प्रकल्पातच करा.

नवखी मुलं थंडीत तग धरणारं झाड शोधत बसतात. दोन हजार मीटरच्या वर प्रश्न वेगळा असतो : कडाका पडायच्या आत बी भरलं का? दिवस लहान होऊ लागले की भांग फुलोऱ्यावर येते. ज्या झाडाला उशीर होतो त्याचं बी पोचट राहतं. म्हणजे निवड करायची ती लवकर पक्व होण्याची. हेच बियाणं सखल, उबदार भागात वाढवलं तर थंडीची चाळणी उरत नाही आणि काही पिढ्यांत हा गुण पातळ होतो. म्हणून वाण त्याच डोंगरावर राखायला हवा.

भांगेत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. सगळ्यांचं लक्ष बियांनी लगडलेल्या मादीकडे जातं. निम्मा वारसा नराचा असतो, आणि पराग सांडला की नर वाळून जातो. कापणीला तो शिल्लकच नसतो. त्यामुळे पावसाळ्यात रोज ओळींतून फिरावं लागतं. पेरांपाशी गोल कळ्यांचे घोस लोंबायला लागले की नर ओळखायचा. लवकर आलेल्या निरोगी नरांना फीत बांधायची, मागे पडलेले कळी उमलायच्या आत उपटायचे.

पण फार कठोर होऊ नका. भांग परपरागित आहे, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर पडून बी धरतं. मोजक्या दहा झाडांवर वाण आणला तर पुढची रोपं खुरटतात. शक्य तितक्या माद्या ठेवा आणि प्रत्येकीचं बी सारख्याच मापानं मिसळा.

सगळ्यात मोठा धोका उकिरड्यावर आणि वाटेकडेला आपोआप उगवणाऱ्या भांगेचा. तिचा पराग वाऱ्यावर काही किलोमीटर येतो, वाण बिघडवतो, टीएचसीही वाढवू शकतो. ती झाडं वेळेत उपटायला गाव सोबत लागतं. गावातल्या बायकांना तर आधी भेटा. कुठल्या शेतातलं बी चटणीला खमंग, कुठल्या ताटाचा दोर मजबूत, हे त्यांना तोंडपाठ असतं.

मूळ बियाण्याचा एक भाग निवडीआधीच, गाव आणि उंचीची नोंद करून, राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे द्या; त्यांचं केंद्र भोवालीला आहे. आणि वाणाची नोंदणी करायची वेळ आली तर वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांच्या २००१ च्या कायद्याखाली ती शेतकऱ्यांच्याच नावावर व्हावी, यासाठी अडून बसा.